निर्वंश किताब

ऑक्सफर्डचा विसावा अर्ल ऑब्री द व्हेअर १७०३ साली वारला, तेव्हा त्याच्यामागे मुलगा नव्हता. बाराव्या शतकापासून त्याच्या घराण्यात चालत आलेला किताब त्याच्याबरोबर संपला. मधल्या काळात इंग्लंडच्या गादीवरची घराणी बदलली, यादवी युद्धे झाली, देशाचा धर्मपंथ बदलला, एका राजाचा शिरच्छेद झाला. व्हेअरांचे अर्लपद मधे हिरावले गेले तरी परत मिळाले आणि बापाकडून मुलाकडे, पुतण्याकडे, दूरच्या चुलतभावाकडे जात राहिले. शेवटी ते थांबले ते एका मुलाच्या अभावी.

पण ऑब्रीचा वंश काही खुंटला नव्हता. त्याची मुलगी डायना हयात होती, तिला मुलेबाळे होती. तिचा नवरा चार्ल्स बोक्लेर हा राजा दुसरा चार्ल्स आणि नटी नेल ग्विन यांचा विवाहबाह्य मुलगा. राजाने आपल्या मर्जीने १६८४ साली त्याला सेंट अल्बन्सचा ड्यूक केले आणि तो किताब आजही चालू आहे. म्हणजे औरस मुलीला बापाचा पाच शतकांचा किताब पुढे नेता आला नाही, आणि तिच्याच अनौरस नवऱ्याचा नवा किताब तीन शतके उलटून गेली तरी टिकून आहे. वंश खुंटला की आपण दैवाला बोल लावतो. पण वंशात कोणाला धरायचे आणि कोणाला नाही, हे त्याआधीच कोणीतरी ठरवून ठेवलेले असते. ब्रिटिश उमरावांच्या नामशेष किताबांकडे पाहताना मला हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन अशी या उमरावीची पाच पायऱ्यांची उतरंड. बहुतेक वंशपरंपरागत किताब राजाच्या सनदेने मिळतात आणि ते पुढे कोणाकडे जाणार हे त्या सनदेतच लिहिलेले असते. नेहमीचा मजकूर असा, की मूळ मानकऱ्याच्या पोटच्या मुलांकडे आणि त्यांच्या पुरुष वंशजांकडे. ही पुरुषांची साखळी तुटली की किताब संपला. जुन्या काही बॅरनपदांची गोष्ट निराळी. तिथे मुलगा नसेल तर सगळ्या मुलींचा हक्क सारखा, आणि हक्क सारखा म्हणून कोणा एकीलाही किताब नाही. तो अधांतरी लोंबकळत राहतो. बहिणींपैकी एकीचीच शाखा उरली किंवा राजाने कोणा एकीच्या पदरात तो टाकला, तरच तो जागा होतो. कधीकधी यात शतके जातात. स्कॉटलंडच्या अनेक जुन्या किताबांना मात्र मुलगी चालते. एकाच बेटावर, एकाच राजाच्या छत्राखाली वारसाचे असे तीन वेगळे नियम शतकानुशतके नांदले.

हे किताब एवढ्या झपाट्याने का संपतात, याचा विचार फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने १८६९ साली ‘हेरेडिटरी जीनियस’ या ग्रंथात केला. उमरावपद मिळालेल्या न्यायाधीशांची घराणी त्याने तपासली आणि त्याला एक विलक्षण कारण सापडले. नव्या उमरावाला किताब शोभेल अशी इस्टेट हवी असते, म्हणून तो किंवा त्याचा मुलगा एखाद्या श्रीमंत वारसदार मुलीशी लग्न करतो. पण मुलगी वारसदार होते ती तिला भाऊ नसतो म्हणून, म्हणजे ती बहुधा कमी संततीच्या घरातली असते. इस्टेटीबरोबर ती प्रवृत्तीही घरात येते आणि एकदोन पिढ्यांत किताब बुडतो, असे त्याचे म्हणणे. घराणे टिकावे म्हणून केलेली सोयरीकच घराण्याच्या मुळावर येते. पुढे गाल्टनने हाच प्रश्न आडनावांच्या रूपात गणितज्ञांपुढे टाकला आणि हेन्री वॉटसन यांच्यासह १८७४ साली त्याचे गणित मांडले. साथीचा रोग कसा पसरतो किंवा विझतो, अणूंची विखंडनसाखळी चालते की थांबते, हे मोजायला तेच गणित आज वापरतात.

निसर्गाचा वाटा एवढाच. बाकीचे काम नियमाचे, आणि नियम सत्तेच्या सोयीने वाकतो. पहिल्या ड्यूक ऑफ मार्लबरोचा उरलेला एकुलता मुलगा १७०३ मध्येच देवीने गेला. पण मार्लबरो हा फ्रान्सला नमवणारा सेनापती. त्याचे नाव टिकावे म्हणून पार्लमेंटने १७०६ साली खास कायदा करून किताब मुलींकडे जाऊ दिला. त्याची मुलगी हेन्रिएटा डचेस झाली, पुढे दुसऱ्या मुलीची शाखा आली आणि त्याच वंशात विन्स्टन चर्चिल जन्मला. फील्ड मार्शल रॉबर्ट्सचा मुलगा १८९९ साली बोअर युद्धात पडला, तेव्हा १९०१ साली दिलेल्या अर्लपदात मुलींना जागा ठेवली गेली. माउंटबॅटनलाही दोन मुलीच होत्या आणि त्याचाही किताब मुलीकडे जाईल अशी सोय झाली. राज्यकर्त्यांना ज्याचे नाव राखायचे होते, त्याच्यासाठी मुलगी वारस ठरली. डायना व्हेअरसाठी ही तसदी कोणी घेतली नाही.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटायचे कारण नाही. आपल्या इतिहासात ज्यांची नावे घोकली जातात असे कितीतरी इंग्रज या नामशेषांच्या यादीत आहेत. दुसऱ्या बाजीरावाशी १८०२ साली वसईचा तह झाला तो गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीच्या कारकिर्दीत. त्याला मुलगे होते, पण ते आईबापांच्या लग्नाआधीचे. पुढे त्याने त्यांच्या आईशी रीतसर लग्न केले, तरी कायद्याने ती मुले वारस होऊ शकली नाहीत आणि १८४२ साली त्याचे मार्क्विसपद संपले. शिंद्यांच्या फौजेला दिल्ली आणि लासवारीला हरवणाऱ्या जनरल लेकने आपल्या किताबात ही दोन्ही गावे घातली होती. तो किताब १८४८ साली संपला. पेशवाई बुडवणारा मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज, त्याच्या घराण्याचा चौथा मार्क्विस घोड्यांच्या शर्यतींत बुडाला. १८६७ च्या डर्बीत त्याने लाखाहून अधिक पौंड घालवले आणि पुढच्याच वर्षी सव्विसाव्या वर्षी तो निपुत्रिक वारला. मार्क्विसपद संपले. त्याच्याकडचे लाउडनचे स्कॉटिश अर्लपद मात्र बहिणीला मिळाले, कारण तिथला नियम वेगळा होता.

यात दैवी न्याय शोधण्याचा मोह मराठी मनाला होणे साहजिक आहे. तो आवरला पाहिजे. अशा रीतीने शेकडो किताब संपले, त्यांतल्या बहुतेकांनी मराठ्यांचे काही वाईट केले नव्हते. विचार करण्याजोगे आहे ते लॉर्ड डलहौसीचे प्रकरण, आणि तेही शापाची गोष्ट म्हणून नाही, तर एकाच काळात एकाच राज्यकर्त्या वर्गाने वारसाला लावलेल्या दोन मापांचा पुरावा म्हणून.

डलहौसी १८४८ च्या जानेवारीत गव्हर्नर जनरल म्हणून आला. त्याच वर्षी ५ एप्रिलला साताऱ्याचे शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब वारले. त्यांना पोटचा मुलगा नव्हता. मृत्यूपूर्वी काही तास त्यांनी भोसले कुळातला एक मुलगा विधिपूर्वक दत्तक घेतला होता. मुंबईचे मावळते गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत दत्तक मान्य करावा असे होते. डलहौसीने ते मानले नाही. त्याचा युक्तिवाद असा, की १८१९ च्या तहाने हे राज्य कंपनीने नव्याने उभे केले, तेव्हा गादीवर दत्तक बसवायचा तर कंपनीची संमती हवी, आणि ती द्यायचे बंधन कंपनीवर नाही. त्या तहात राज्य दिले होते ते महाराजांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना, कायमचे. पोटच्या पुत्राची अट त्यात नव्हती. इंग्रजी किताबाच्या सनदेत ती अट स्पष्ट लिहिलेली असते. इथे ती न लिहिताच लावली गेली. सातारा खालसा झाला. मग १८५४ मध्ये झाशी आणि नागपूर. नागपुरात तर भोसल्यांच्या वाड्यातले जडजवाहीर, हत्ती-घोडे लिलावात निघाले. बिठूरला बाजीरावांच्या मागे त्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांना तनखा आधीच नाकारला गेला होता.

साताऱ्याच्या विलीनीकरणावर लंडनहून शिक्कामोर्तब झाले ते १८४९ साली. त्याच वर्षी पंजाब जिंकल्याबद्दल डलहौसीला मार्क्विस केले गेले आणि किताबात पंजाबचे नाव घातले गेले. त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. १८६० च्या डिसेंबरात वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो वारला आणि त्याचे मार्क्विसपद अकरा वर्षांत संपले. घराण्याचे मूळ स्कॉटिश अर्लपद चुलत नात्यातल्या फॉक्स मॉलकडे गेले. ते आजही चालू आहे. डलहौसीच्या मृत्यूने त्याच्या मुलींचे छप्पर गेले नाही की कोणाची चाकरी सुटली नाही. संपले ते एक बिरुद. साताऱ्याला, नागपूरला संपले ते राज्य: खजिना, फौज, कारकुनांपासून शागिर्दपेशापर्यंतच्या हजारो माणसांची रोजीरोटी, देवस्थानांच्या नेमणुका, शास्त्री-पंडितांची वर्षासने. बिरुदासाठी केलेला कठोर नियम अख्ख्या राज्याला लावला, तर तो नियम राहत नाही. ती लूट होते, मग तिला कायद्याची कितीही वस्त्रे चढवा.

इंग्रजांनाही हे १८५७ नंतर उमगले. डलहौसीच्या जागी आलेल्या कॅनिंगने धोरण बदलले आणि १८६२ साली संस्थानिकांना दत्तकाचा हक्क मान्य करणाऱ्या सनदा दिल्या. कॅनिंगला मूलबाळ नव्हते. सनदा देऊन तो मायदेशी परतला आणि त्याच वर्षी जूनमध्ये वारला. तीन वर्षांपूर्वी मिळालेले अर्लपद आणि आईकडून आलेले व्हायकाउंटपद दोन्ही त्याच्यासह संपली. इंग्रजी कायद्यात त्याला दत्तकाची वाट नव्हती. आजही दत्तक मुलाला उमरावी किताब मिळत नाही. त्याने दुसऱ्यांसाठी जी वाट मोकळी केली तिच्यावरून मात्र पुढे कोण चालत आले ते पाहावे. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव हा बारा वर्षांचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव कोल्हापुरात दत्तक गेला आणि शाहू छत्रपती झाला. एकाने १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. दुसऱ्याने १९०२ साली नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या. दोघेही पोटचे वारस नव्हते. पोटच्या पुत्राचा नियम इथे चालला असता, तर आधुनिक महाराष्ट्र घडवणारी ही दोन माणसे गादीच्या आसपासही आली नसती.

म्हणून आपली परंपरा थोर आणि त्यांची कोती असा निष्कर्ष काढून चालणार नाही. दत्तकाने रक्ताचे कुंपण ओलांडले हे खरे, पण दत्तक घ्यायचा तो मुलगाच. घरात कर्तबगार लेक असली तरी गादीसाठी भाऊबंदांतला पोरगा शोधायचा. इंग्रजांच्या काही किताबांनी मुलीला जागा दिली आणि दत्तकाला दार बंद केले. आपण दत्तकाला दार उघडले आणि मुलीला उंबऱ्यातच उभे केले. मुलगी दत्तक घेण्याची मुभा हिंदू कायद्याने दिली ती १९५६ साली. वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रात १९९४ ला मिळाला, देशभर २००५ ला. ब्रिटननेही राजगादीसाठी थोरली मुलगी आणि मुलगा यांतला भेद २०१३ च्या कायद्याने मिटवला, पण बहुतेक उमरावी किताबांत तो अजून शाबूत आहे.

मला वाटते, मान आणि जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर हा गुंता सुटतो. मान हा माणसाच्या कर्तृत्वाचा असतो आणि तो त्याच्याबरोबर संपावा. ब्रिटनने १९५८ साली केवळ हयातीपुरते किताब देण्याचा कायदा केला तेव्हा हेच मान्य केले. आज तिथे दिले जाणारे बहुतेक किताब मानकऱ्याबरोबर संपण्यासाठीच जन्मतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. जबाबदारीचे तसे नाही. राज्य असो, संस्था असो, शाळा असो की शेती, तिच्यावर माणसे अवलंबून असतात. ती संपू देता येत नाही, आणि केवळ पोटचा म्हणून कोणाच्या हवालीही करता येत नाही. ती पेलेल त्या हाती ती सोपवावी लागते, मग तो हात लेकीचा असो, दत्तकाचा असो की पूर्ण परक्याचा. डलहौसीच्या काळाने याच्या नेमके उलट केले: बिरुदे पिढ्यान्‌पिढ्या चालावीत म्हणून सनदा लिहिल्या आणि राज्ये एका मुलाच्या अभावी मोडून टाकली.

‘वंशाला दिवा हवा’ असे आपल्याकडे आजही शिकलीसवरली माणसे म्हणतात, आणि त्या दिव्यासाठी लेकींना काय काय सोसावे लागते हे आपण जाणतो. त्यांनी ब्रिटनच्या नामशेष किताबांची ही यादी एकदा नजरेखालून घालावी. इस्टेटी, फौजा, पार्लमेंटातल्या जागा आणि राजाची मर्जी हाताशी असूनही पुरुषवंशाचा भरवसा त्या घराण्यांना देता आला नाही. कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या मुलाने बडोद्याचे नाव राखले ते रक्ताने नव्हे, कामाने. आणि आपल्यामागे काही राहावे असे ज्याला वाटते, त्याने मुलाची वाट पाहण्याऐवजी ते काम पुढे नेईल असे माणूस आजच शोधून तयार करावे.