देव आजारी पडतो तेव्हा

वारकरी सज्जनहो, देवाला ताप येतो काय? शास्त्र म्हणेल, निर्विकाराला विकार कुठला! खरे आहे. पण भक्तासाठी एकदा देह धरला, की देहाचे भोगही देव आनंदाने सोसतो. जगन्नाथपुरीस दर ज्येष्ठ पौर्णिमेला जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांना स्नानवेदीवर आणून १०८ घागरींनी स्नान घालतात. एवढे पाणी अंगावर पडले, देवाला ताप भरला! मग पंधरवडाभर दर्शन बंद. या काळाला तिकडे ‘अणसर’ म्हणतात. तेव्हा नित्याचा थाटाचा भोग नाही. फळे, पन्हे आणि दशमुळांचे औषध.

अशा वेळी देवाच्या उशाशी कोण असते? दइतापती नावाचे सेवक. ते विश्वावसू शबराचे वंशज मानले जातात. हा विश्वावसू कोण, ते ऐका.

रानात तो नीलमाधवाची गुप्त पूजा करी. मालवाच्या इंद्रद्युम्न राजाने शोधासाठी विद्यापती ब्राह्मणास धाडले. त्याने शबरकन्या ललितेशी लग्न केले आणि देव पाहण्याचा हट्ट धरला. सासऱ्याने डोळ्यांवर पट्टी बांधून नेले. जावई मोठा हुशार, वाटेने मोहरी सांडीत गेला! मोहरी उगवली, वाट सापडली, राजा धावला. पण देव गुप्त झाला. पुढे समुद्रातून दिव्य ओंडका आला. राजाच्या बळाने हलेना, विश्वावसूचा हात लागला तेव्हा हलला. एका वृद्ध सुताराने मूर्ती घडवायला घेतल्या. अट एकच, २१ दिवस दार उघडायचे नाही. मध्येच आतला आवाज थांबला, गुंडिचा राणीला राहवेना, दार उघडले. सुतार नाही, हातपाय अपुरे असलेल्या मूर्ती तेवढ्या उभ्या! देवाने तेच रूप गोड मानले.

मंदिराचा मान राजाला मिळाला. पण देव दुखणाईत झाला, की सेवा शबराच्या वंशाची. वैभवात पुष्कळ जमतात हो, आजारात जो राहतो तोच आपला.

आपल्या पंढरीतही हेच वर्म आहे. आषाढीला देवाचा पलंग काढतात. लेकरांना भेटायला माउली रात्रंदिवस उभी. मग प्रक्षाळपूजेला ऊन पाण्याचे स्नान आणि शिणवटा जावा म्हणून काढा. देवाचे अंग दुखते हे ज्याला कळते, त्याला घरच्या म्हाताऱ्याचे कण्हणे ऐकू येऊ नये?

खांद्यावर पताका, मुखी नाम, आणि घरी अंथरुणाला खिळलेल्या बापाला पाणी द्यायला कोणी नाही! असा वारकरी चंद्रभागेत बुडी मारूनही कोरडाच. म्हणून वारी सोडा असे मी म्हणत नाही. घरची सोय लावून निघा. आणि जिची वारी सासूच्या शुश्रूषेत चुकली, त्या माउलीने डोळे पुसावेत. २०२० साली महामारीत पायी वारी थांबली, पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. म्हणून घरी बसून नाम घेणाऱ्याची भक्ती उणी झाली काय?

अहो, विठोबा विटेवर उभा का? पुंडलिकाचे हात आईबापांच्या सेवेत गुंतले होते, म्हणून! देव दारी आला तरी त्याने ती सेवा सोडली नाही. आणि देव रागावला नाही, थांबला. आजही तो थांबलेलाच आहे. औषधाची वाटी आधी द्या, मग टाळ हाती घ्या.

रामकृष्णहरि!