दुसऱ्याच्या ताटातला संयम

"एक दिवस नाही खाल्लं म्हणून कुणी मरत नाही." 2025 च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास आठवडाभर हे वाक्य मी लोकलमध्ये ऐकलं, डोंबिवलीच्या फडके रोडवर ऐकलं, सोसायटीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या तीन चित्रांसह वाचलं. कल्याण-डोंबिवली महापालिकेचा त्या दिवशी मांसविक्री बंद ठेवण्याचा तो चोवीस तासांचा आदेश, 1988 पासूनची प्रथा, कुणाची निषेधाची मटण पार्टी, कुणाची आयुक्तांच्या निलंबनाची मागणी, यावर बोलायचं तेवढं सगळ्यांनी बोलून घेतलं आहे. मला त्यात भर घालायची नाही. माझं भांडण या एका वाक्याशी आहे, आणि ते खोटं नाही म्हणून जास्तच आहे. एक दिवस मटण न खाल्ल्याने खरंच कुणी मरत नाही. त्यातून तो श्रावणातला शुक्रवार, म्हणजे अर्ध्या डोंबिवलीने आपणहून पाळलेला. उरलेल्या अर्ध्यांनाही तो पाळायला लावण्यात कुणाला काय मिळालं, हे मला अजून कळलेलं नाही.

हे वाक्य म्हणणारी मंडळी मला रविवारी ठाण्यात एकगठ्ठा भेटली. थायलंड-सिंगापूर सहलीला निघण्याआधीची बैठक होती. नात्यातलं एक ज्येष्ठ जोडपं जाणार होतं, त्यांना सोबत म्हणून मी गेलो होतो. सभागृहात शिरताच प्रत्येकाला कंपनीची टोपी मिळाली. छपराखाली बसलेल्या माणसाने उन्हाची टोपी का घालावी, हे मी विचारलं नाही. आसपास सगळ्यांनी घातली होती.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. बँकॉकचे राजवाडे आणि सिंगापूरच्या बागा दहा मिनिटांत उरकल्या. पुढचा पाऊण तास जेवणावर. नाश्त्याला पोहे-उपमा असेल ना? चहा आपल्यासारखा उकळलेला, की पाण्यात पिशवी बुडवलेला? पोळी मिळते का, आणि ती मैद्याची तर नसते ना? क्रूझवर 'इंडियन डिनर' छापलंय, त्यात वरणभात धरलाय का? मधे संकष्टी येते, साबुदाण्याचं काय? कांदा-लसूण न खाणारे चार जण आहेत, त्यांचं टेबल वेगळं का? सहलीचा व्यवस्थापक शांतपणे सगळ्याला हो म्हणत होता. त्याचा धंदाच या 'हो'वर उभा आहे. परदेशात वरणभात वाढू शकणारी कंपनी मराठी माणसाला विमानात बसवू शकते, हे आपल्याकडच्या सहल कंपन्यांनी फार पूर्वी ओळखलं.

त्यावरही कुणाचा पूर्ण भरवसा नव्हताच. सामानाच्या वजनाचा विषय निघाला तेव्हा मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, चकल्या, झटपट उपम्याची पाकिटं आणि खाकरे अशी यादी एकमेकींना सांगितली जात होती. खाकऱ्यावर माझा जुना राग आहे. माणूस तो नेतो स्वतःसाठी आणि त्याचा चुरा सांडतो शेजाऱ्याच्या मांडीवर.

इतक्यात कल्याणच्या दूधनाक्याकडून आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने हात वर केला. नवरा शेजारी बसलेला. म्हणाल्या, "सर, आम्हाला हलाल मिळेल का? नाहीतर आम्ही व्हेज घेऊ. फक्त आधी सांगून ठेवा, म्हणजे बरं." व्यवस्थापक "हो मॅडम, बघतो" म्हणेपर्यंत मागच्या रांगेतून आवाज आला, "अहो काकू, चार दिवस ॲडजस्ट करा की! बाहेर गेल्यावर एवढं धरून बसायचं असतं होय?"

हे गृहस्थ म्हणजे मघाचे साबुदाणावाले. टोपी त्यांच्या डोक्यावर होती.

आता त्यांचं तत्त्व आपण मनापासून मान्य करू आणि त्यांच्यावरच चालवून बघू. पहिल्या दिवशी मुंबई विमानतळावर मेतकुटाची बरणी कचरापेटीत जाईल. हे साबुदाणावाले काका बँकॉकला उतरतील, रस्त्यावरच्या गाडीवर जे तळलं जातंय ते मागवतील. ते टोळ निघाले तर टोळ. चार दिवसांचाच प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी भाजी-नूडल्स घेतील. थाई स्वयंपाकी त्यात सवयीने नाम प्ला घालेल, म्हणजे माशाचा आंबवून काढलेला रस. काका एक घास खाऊन थांबतील आणि मग आठवेल की धरून बसायचं नसतं, तर संपवतील. तिसऱ्या दिवशी संकष्टी. चंद्रोदयाला पट्टायाच्या किनाऱ्यावर हॉटेलवाला म्हणेल की वरणभात नाही, डुकराचं मांस घातलेला भात आहे, आणि छान आहे. काका त्यावर उपास सोडतील. चौथ्या दिवशी परतीच्या विमानात हवाई सुंदरीला सांगतील, काहीही द्या हो, आम्ही ॲडजस्ट करणारी माणसं.

यातलं एकही होणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि व्यवस्थापकाला तर सगळ्यांत जास्त. होऊही नये. साबुदाण्याचा आग्रह धरणाऱ्याने बिनधास्त धरावा. माणूस चार हजार किलोमीटर गेला म्हणून त्याच्या घशाखालचे नियम गळून पडत नाहीत. माझी तक्रार एवढीच की काकांचं समजून घेणं स्वतःच्या बॅगेच्या चेनपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं.

गंमत अशी की बँकॉकच्या त्या गाडीपुढे काका आणि काकू शेजारी शेजारी उभे राहणार आहेत आणि दोघांचा प्रश्न एकच असणार आहे: यात काय काय घातलंय? जपानला गेले तर आणखी पंचाईत. रामेनचं पाणी बऱ्याचदा डुकराच्या हाडांचं, गोडसर चव आणणाऱ्या मिरिनमध्ये मद्य, कित्येक सोया सॉसमध्येही मद्यार्क. आणि बिनमांसाच्या दिसणाऱ्या सूपमध्ये सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क. तिथे हलाल शोधणाऱ्याला जेवढी पाकिटं उलटून वाचावी लागतात, तेवढीच शाकाहाऱ्यालाही. समुद्रापलीकडे गेल्यावर डोंबिवली आणि दूधनाका एकाच बाकावर येतात. दूधनाक्याची बाजू थोडी सोपीच, कारण मासळी तिला चालते.

हा शोध काही कालपरवाचा नाही. जपानच्या कोबे शहरातली मशीद 1935 सालची. तिच्या वर्गणीत हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचा वाटा होता. त्याच साली सायगावमध्येही दक्षिण भारतातून गेलेल्या मुसलमानांनी मशीद बांधली. परगावी आधी प्रार्थनेची जागा होते आणि तिच्या आसपासच्या गल्लीत घरच्यासारखं शिजवणारी खाणावळ निघते. आपल्या लोकांनी दादर-गिरगावात वेगळं काय केलं?

थायलंड बहुसंख्य बौद्धांचा देश. तिथली मध्यवर्ती इस्लामी परिषद हलालचं चौकोनी शिक्कामोर्तब करते आणि बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठात 2003 पासून त्याच विषयाची प्रयोगशाळा आहे, अन्नात चरबी कुठली आणि मद्यार्क किती हे तपासणारी. त्याच रस्त्यांवर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर लिहिलेल्या गाड्याही असतात. तिथे मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. म्हणजे बैठकीतल्या त्या चार जणांचीही सोय झाली. एवढं करून थायलंड अजून बुडालेला नाही.

सिंगापूर तर आणखी रोखठोक. हलाल प्रमाणपत्र तिथे मुईस ही शासकीय परिषद 1978 पासून देते. लोकसंख्येत मुसलमान साधारण 15 टक्के. पण मला आवडतात तिथली सार्वजनिक खाऊगल्लीतली ताटं. खाऊन झालं की ताट आपण नेऊन ठेवायचं, आणि ठेवायला दोन मांडण्या, एक हलाल, एक इतर. डुकराचं मांस विकणाऱ्या चिनी माणसाचं दुकान चालू, बिर्याणीवाल्याचं चालू, इडलीवाल्याचंही चालू. कुणाचं शटर खाली ओढायची गरज पडली नाही. दोन मांडण्यांवर भागलं.

विमान कंपन्यांनाही हे कधीच कळलं आहे. तिकीट काढताना जेवणाच्या रकान्यात एमओएमएल लिहिलं की मुस्लिम जेवण, व्हीजेएमएल लिहिलं की जैन, केएसएमएल लिहिलं की ज्यूंचं कोशर. पस्तीस हजार फुटांवर तिघं एका रांगेत बसून आपापलं झाकण उघडतात. मधल्याने खाकरा काढला नाही तर शांतता टिकते.

आणि कल्याणला तर हे कुणी शिकवायची गरजच नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 साली डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या, त्याआधी सेरामपूरच्या सभेत त्यांनी जाहीर सांगितलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. न्यू जर्सीच्या कार्पेंटर कुटुंबात राहिल्या, फिलाडेल्फियाच्या थंडीत शिकल्या, शाकाहार सोडला नाही. 1886 साली पदवी घेतली. त्यांच्या त्या निग्रहाचं आपण अजून कौतुक करतो आणि करायलाच हवं. मग दूधनाक्याच्या बाईंनी तोच निग्रह बँकॉकला नेला तर तो एकदम हट्ट कसा होतो, हे साबुदाणावाल्यांनी मला सावकाश समजावून सांगावं.

बाकीच्या सबबी किरकोळ आहेत. 'ते आपल्यासाठी काय करतात?' ही शाळेच्या मैदानावरची सबब, तिथेच शोभते. 'आमच्यावर हलाल लादतात' यात मात्र तथ्य असू शकतं. शिखांना त्यांच्या आचारसंहितेप्रमाणे तसं मांस वर्ज्य आहे आणि इतर कुणाला नको असेल तर त्यालाही ताटात काय आहे ते कळायला हवं. 2025 च्या मार्चमध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मांसासाठी मल्हार प्रमाणपत्र काढलं. ज्याला ते हवं त्याने ती पाटी बघून दुकान निवडावं, माझी काही हरकत नाही. पाटी लावा, गिऱ्हाईक वाचेल. उद्या दूधनाक्याचं कुणी सगळी बस फक्त हलाल हॉटेलापुढेच थांबली पाहिजे म्हणून अडून बसलं, तर मी मागच्या रांगेत जाऊन बसेन.

कारण फरक तिथेच पडतो. नियम स्वतःच्या ताटाला लावायचा तर जास्त चालावं लागतं, दुप्पट विचारावं लागतं, कधी नुसत्या केळ्यावर भागवावं लागतं. ही किंमत पाळणारा स्वतः भरतो, म्हणून त्याला संयम म्हणायचं. दुसऱ्याच्या ताटाला नियम लावायला एक सही पुरते आणि किंमत भरतो खाटीक. मग ती सही राष्ट्रीय सणाच्या नावाने केली काय किंवा धर्माच्या. आपण आपले उपास करावेत, दुसऱ्यांचे उपास आपण करवू नयेत.

आता हे वाचून कुणी बदलेल, असा माझा मुळीच समज नाही. बैठक संपल्यावर साबुदाणावाल्यांनी दूधनाक्याच्या बाईंना आपणहून लोणच्याची बरणी देऊ केली, "कामाला येईल, घरचं आहे." त्यांनी घेतलीही. माणसं समोरासमोर असली की बरी वागतात. ग्रुपवर गेली की तीच माणसं चोवीस तासांचे आदेश सुचवायला लागतात. त्यावर इलाज मला माहीत नाही.

तरी सिंगापूरहून परतताना या मंडळींनी त्या दोन मांडण्यांचा एखादा फोटो आणावा. इथे दाखवायला उपयोगी पडेल. इथे अजून ओला आणि सुका कचरा आपण घरी वेगळा करतो आणि गाडीत चढल्यावर त्यांचं लग्न लागतं. दुसऱ्यांची ताटं आवरायला निघण्याआधी तेवढं एक जमवलं तरी पुष्कळ.