बिंदू आणि माणूस

मोजणे हे ज्ञानाचे साधन आहे, याविषयी मतभेद नसावा. परंतु जे मोजलेच गेले नाही त्याचे काय, हा प्रश्न केवळ ज्ञानाचा नसून नीतीचाही आहे. आणि विद्वानांची सभा भरविणारांनी तो टाळू नये, असे आम्हांस वाटते.

2018 साली इंदूर येथे डिजिटल मानव्यविद्येच्या भारतीय अभ्यासकांची परिषद भरली. जुने ग्रंथ, दफ्तरे, शिलालेख यांतील मजकूर संगणकात घालावयाचा, त्याची मोजदाद करावयाची आणि निष्कर्ष नकाशाच्या वा आलेखाच्या रूपाने डोळ्यांपुढे ठेवावयाचा, ही या विद्येची एक रीत. इंदुरास हा विषय शोभतोही. अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 या काळात राज्य केले. काशी, गया, सोमनाथ येथवर पोहोचलेला त्यांचा दानधर्म नकाशावर बिंदूंनी मांडला, की त्यांच्या धर्मबुद्धीला राज्याची सीमा नव्हती, हे क्षणात उमगते. हा लाभ लहान नव्हे.

परंतु या विद्येच्या उगमाचीच कथा पाहा. इटलीतील फादर रोबेर्तो बुसा यांनी 1949 साली आयबीएमच्या साह्याने संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांची शब्दसूची आरंभिली. एक कोटीहून अधिक शब्दांचे ते काम तीस वर्षे चालले. त्यासाठी पत्र्यांसारख्या ताठ कागदी पट्ट्यांवर छिद्रे पाडीत बसल्या त्या तरुण मुली. त्यांच्या श्रमाची दखल संशोधकांनी घेतली ती कित्येक दशकांनंतर. शब्द मोजणारांनी हात मोजले नव्हते!

हा दोष परक्यांचाच, असे मानण्याचे कारण नाही. गोमंतकातील आमच्या देवळांचे उदाहरण घ्यावे. सोळाव्या शतकात शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला. नकाशावर ही एक रेघ होते. ज्यांनी रात्री नदी ओलांडून देव नेला, त्यांचे भय त्या रेघेत दिसत नाही. पुढे 1886 च्या पोर्तुगीज नियमावलीने महाजनांच्या संस्थांना कायद्याची चौकट दिली. महाजनकी पुरुषवंशाने चालली. गायन-नर्तनाची सेवा करणाऱ्या स्त्रिया, वाजंत्री, झाडलोट करणारे यांना त्या मानात स्थान नव्हते. महाजनांच्या याद्यांवरूनच उद्या देवस्थानाचा आलेख काढला, तर तो सुबक होईल, पण देऊळ चालविणारे अर्धे हात त्यात नसतील.

कोणी म्हणेल, कागदात नाही ते अभ्यासकाने आणावे कोठून? आक्षेप रास्त आहे. कल्पनेने जागा भरणे हे तर असत्यच होय. परंतु रिकामी जागा रिकामी म्हणून दाखविणे त्याच्या हाती आहे. न दाखविलेले मौन पाहणाराला साक्ष वाटू लागते, आणि रंगीत चित्राची साक्ष लोक चटकन मानतात.

म्हणून अशा चर्चासत्राच्या चालकांस आमचे सांगणे इतकेच: प्रत्येक नकाशाशेजारी तो कोणाच्या दफ्तरावरून काढला आणि त्या दफ्तरात कोणास प्रवेश नव्हता, हे लिहावे. ज्यांची स्मृती कागदावर नसून कंठात आहे, अशा वृद्धांनाही व्यासपीठावर बसवावे. यादी हा ऋणाचा हिशेब आहे. आणि हिशेबात ज्याचे देणे राहिले, त्याचे नाव खोडून ऋण फिटत नाही.