अडगळ आणि विवेक

संक्रांतीच्या आदल्या दिवशी येणारी भोगी महाराष्ट्रात तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीने आणि लेकुरवाळ्या भाजीने साजरी होते. चेन्नईत तीच भोगी जुने टाकून देण्याचा सण आहे. पहाटे फाटक्या चटया, मोडक्या टोपल्या, झिजलेल्या केरसुण्या घराबाहेर जाळल्या जातात. पुढे या आगीत टायर आणि प्लास्टिकही पडू लागले. जानेवारी २०१८ मध्ये भोगीच्या धुराने शहरातील विमानांची ये-जा विस्कळीत झाली होती.

वर्षाचा पसारा एका पहाटेत संपवावा, ही आकांक्षा मोहक आहे. परंतु तिच्यात एक नैतिक धोका दडलेला असतो. सारे घर एकदम रिकामे करू पाहणाऱ्याला वस्तू दिसत नाही, फक्त ढीग दिसतो. आणि ढिगाला मूल्य नसते.

तमिळ साहित्याला या धोक्याची झळ लागलेली आहे. उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) ताडपत्रांच्या शोधात गावोगाव हिंडले. जीर्ण पोथ्या नदीत सोडणे किंवा अग्नीला अर्पण करणे हे पुण्यकर्म समजले जाई. अशा रीतीने नाहीशा झालेल्या पोथ्यांच्या हकिगती त्यांनी आत्मचरित्रात नोंदविल्या आहेत. पोथ्या टाकणारे दुष्ट नव्हते. त्यांनी त्या उघडून पाहिल्या नव्हत्या, इतकेच.

मग काहीच टाकू नये काय? तसेही नाही. माळ्यावर सर्व काही कोंबून ठेवणाऱ्यानेही वस्तू पाहिलेली नसते. त्याने निर्णय केवळ पुढच्या पिढीवर ढकललेला असतो. त्या पोथ्याही वाळवीने खाल्ल्या त्या अशाच न उघडलेल्या कपाटांत. जाळणारा आणि साठविणारा दोघेही एकाच कष्टाला चुकवितात: वस्तू हाती घेऊन तिचा निवाडा करण्याच्या.

म्हणून आवराआवरीचे ध्येय माफक असावे, ते केवळ शक्ती अपुरी पडते म्हणून नव्हे. दिवसाकाठी जितक्या वस्तू उचलून, ओळखून, ज्याची त्याला विचारून बाजूला करता येतील, तितकेच खरे काम होय. वडिलांची पत्रपेटी सुनेने परस्पर रिकामी केली तर खोली मोकळी होईल, परंतु घरात न्याय झाला असे म्हणता येणार नाही. एक फडताळ पुरते पाहून झाले, तर त्या दिवसाचे कर्तव्य संपले.

अय्यरांनीही सर्व पोथ्या वाचविण्याचा पण केला नाही. १८८० च्या सुमारास ‘जीवक चिंतामणि’ त्यांच्या हाती आले. ते छापून निघाले १८८७ मध्ये. ‘शिलप्पदिकारम्’ १८९२ मध्ये आले, ‘मणिमेखलै’ १८९८ मध्ये. चेन्नईत १९४३ मध्ये त्यांच्या नावे ग्रंथालय स्थापन झाले. तेथे आज नीट लावून ठेवलेली ताडपत्रे एके काळी कुणाच्या तरी घरातील अडगळच होती.