विदर्भवादी कोणाला म्हणावं?

मी : मामा, वेगळा विदर्भ हवा म्हणणारा प्रत्येक जण विदर्भवादी नव्हे. सभेत मागणीला टाळ्या वाजवायच्या आणि मतदानाच्या दिवशी जात, पक्ष, पाहुणे पाहून बटण दाबायचं! इच्छेला निष्ठेचं नाव देऊ नये.

मामा : मले सांग, मतदानात हा प्रश्न इचारला कधी? राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं 1955 मध्ये विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं. 1956 मध्ये आमाले द्विभाषिक मुंबई राज्यात टाकलं, 1960 मध्ये महाराष्ट्रात. जे इचारलंच नाही, त्याचं उत्तर न देनारा खोटा कसा?

मी : संधी होती. 1962 मध्ये बापूजी अणे, 1971 मध्ये जांबुवंतराव धोटे हीच मागणी घेऊन लोकसभेत गेले.

मामा : दोघंही नागपुरातून. तू वाशीमचं बोल. 1998 मध्ये आपला जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या. वीस वर्सांनी केंद्राच्या आकांक्षित, म्हंजे मागास, जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे, त्यात आपन. वेगळं होऊन काय झालं?

मी : जिल्ह्याला कायदा करता येत नाही, राज्याच्या अर्थसंकल्पातला वाटा ठरवता येत नाही. राज्याला येतो. ही तुलना चुकते.

मामा : तो अर्थसंकल्प मांडनार कोन? नागपूर. आज मुंबई दूर, उद्या नागपूर दूर. आपल्या मानोऱ्याच्या कास्तकाराले दोन्हीकडं वाटच पाहा लागते.

मी : म्हणूनच कसोटी इथे आहे. 1953 च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी कबूल केला होता. तो मिळाला नाही, हीच आपली तक्रार. उद्या वाशीमने तोच हिशेब नागपूरकडे मागितला, तर तो हिशेब देणारा विदर्भवादी.

मामा : असा मानूस मुंबईतही असू शकते. मंग वेगळं राज्य कायले पायजे?

मी : माणसाच्या चांगुलपणावर वाटा सोडता येत नाही. तो लिहून घ्यावा लागतो.

मामा : करारही लिहेलच होता. घटनेच्या 371 कलमातही समन्यायी निधी लिहेल हाये.

मी : आहे. पण करार मोडल्यावर जाब विचारायला विधानसभेत आपली बहुसंख्या नव्हती. विदर्भाच्या विधानसभेत वाशीमचीही नसेल. तेव्हा राज्य मागणाऱ्याने आजच सांगावं, मागास जिल्ह्याचा वाटा तो कोणत्या कायद्याने बांधणार आहे.

मामा : ते सांगनारा भेटला, का मी त्याच्या सभेले येईन. तोवर मले कोनी विदर्भवादी म्हनो, का नको म्हनो.