कॅल्क्युलेटरची स्मृती आणि माणसाची नीती

आपण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची ताकद आपल्याच हाताने वाढवली, तर त्यात लबाडी कुठे सुरू होते? प्रश्न जड वाटेल, पण तो मला ज्या वस्तूवरून पडला ती हातात मावणारी आहे. ती म्हणजे ग्राफिंग कॅल्क्युलेटर. इथे अमेरिकेत ज्यांची मुलं हायस्कूलमधून गेली, त्यांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको.

१९९३ साली एचपी कंपनीने ४८जी आणि ४८जीएक्स अशी दोन मॉडेल्स बाजारात आणली. दिसायला जवळजवळ जुळी भावंडं. जी मध्ये ३२ किलोबाइट मेमरी, जीएक्स मध्ये १२८ किलोबाइट आणि शिवाय मेमरी कार्डासाठी दोन खाचा. आजच्या फोनच्या मानाने दोन्ही आकडे हास्यास्पद आहेत. पण एका पानावर दोन हजार अक्षरं धरली, तर इंग्रजी मजकुराची ३२ किलोबाइटमध्ये सोळा पानं बसतात आणि १२८ मध्ये पासष्ट. सूत्रं, प्रोग्रॅम आणि आलेख साठवणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक चांगलाच जाणवायचा. जीएक्स बराच महाग असल्यामुळे पुष्कळांच्या हातात जी च असायचा.

मग हौशी मंडळींनी वाट काढली. जी उघडायचा, आतली ३२ किलोबाइटची चिप काढायची आणि १२८ ची बसवायची. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. मुळात हे यंत्र ग्राहकाने उघडावं म्हणून बनवलेलंच नव्हतं. वरचा पत्रा चिकटवलेला, खालचं प्लॅस्टिक घट्ट बसवलेलं. जोर जास्त झाला की पत्रा वाकणार, अंगातल्या स्थिर विजेची एक ठिणगी बसली की चिप कायमची गेली. वीज तुटताच साठवलेलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी त्याची प्रत दुसरीकडे काढून ठेवायची. मोठ्या चिपला पत्ता सांगणाऱ्या तारा पंधराऐवजी सतरा लागतात, त्या दोन जास्तीच्या तारा योग्य जागी सोल्डर करायच्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग शोधत हिंडलेल्या आपल्या पिढीला या उद्योगातली गंमत लगेच कळेल.

माझा भाचा इंजिनियरिंगला असताना त्याने हे केलं. कॅल्क्युलेटर चालू झाला तेव्हाचा त्याचा आनंद बघण्यासारखा होता. मी सहज विचारलं, "हा परीक्षेला नेणार?" तो म्हणाला, "का नेऊ नये? ज्याच्या वडिलांनी जीएक्स घेऊन दिला तो एवढीच मेमरी घेऊन वर्गात बसतो, त्याला कोणी हटकत नाही. मामा, तुम्हीच सांगा, विकत घेतलेली मेमरी पवित्र आणि कष्टाने बसवलेली लबाडीची, असं कसं?"

प्रश्न बिनतोड होता. त्यावर आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं की स्मृती यंत्रात नव्हे, डोक्यात हवी. पावकी, निमकी, दीडकी मुखोद्गत असलेल्या पिढीला तसं म्हणण्याचा अधिकारही आहे. पण ते या प्रश्नाचं उत्तर नाही. कारण परीक्षा घेणाऱ्यांनीच यंत्राची स्मृती मान्य केली आहे. एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेत १९९५ पासून ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतोच, आणि त्याची मेमरी पुसून यावं अशी अट नसते. त्याऐवजी त्या पेपरात काही भाग कॅल्क्युलेटरविना सोडवायचे असतात. ब्रिटनमध्ये जीसीएसई आणि ए-लेव्हलचा नियम नेमका उलटा आहे. तिथे साठवलेली माहिती पुसलेली असलीच पाहिजे आणि ती जबाबदारी विद्यार्थ्याची. दोन देश, दोन नियम, आणि दोन्ही आपापल्या जागी प्रामाणिक. तेव्हा जास्त मेमरी म्हणजे जास्त पाप, असा हिशेब मांडता येत नाही.

मग खटकतं ते काय? मला उत्तर सापडलं ते आपल्या बारावीच्या परीक्षेत. महाराष्ट्र बोर्डाच्या पेपराला कॅल्क्युलेटर चालत नाही, पण लॉग टेबल चालतं. लॉग टेबल हीसुद्धा उसनी स्मृतीच की! हजारो आकडे कोणीतरी आधीच काढून छापून ठेवलेले. तरी त्याला कोणी कॉपी म्हणत नाही. याची कारणं दोन. एक म्हणजे ते सर्वांकडे सारखं असतं. दुसरं, पर्यवेक्षक ते हातात घेऊन चाळू शकतात. कोपऱ्यात पेन्सिलीने काही खरडलेलं असलं तर दिसतं.

कॅल्क्युलेटर असा चाळता येत नाही. पर्यवेक्षकाला आतली चिप दिसत नाही, दिसतं ते फक्त वर लिहिलेलं मॉडेलचं नाव. चालणाऱ्या यंत्रांच्या याद्याही मॉडेलच्या नावानेच केलेल्या असतात. एसीटी परीक्षेच्या नियमांत एचपी ४८जी च्या इन्फ्रारेड खिडकीवर जाड अपारदर्शक चिकटपट्टी लावण्याची अट होती, ती याच विचाराने: जे तपासता येत नाही ते निदान डोळ्यांना दिसेल असं बंद करा. म्हणजे यंत्रावरचं नाव हे एक वचन असतं. जीएक्स घेऊन बसणारा मुलगा त्याच्याकडे काय आहे ते सांगूनच बसलेला असतो. जी च्या कवचात जीएक्सची मेमरी घालून बसणारा, एक शब्दही न बोलता, वेगळं काही सांगत असतो. भाच्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. कष्ट आणि पैसा यांत फरक नाही, फरक आहे तो सांगण्यात आणि न सांगण्यात.

मी त्याला एवढंच म्हटलं, "प्राध्यापकांना आधी दाखव." त्याने दाखवला. त्यांनी कौतुक केलं, सोल्डरिंग निरखून पाहिलं आणि परीक्षेला मात्र नाही म्हणून सांगितलं. एकाचा तपासला तर सगळ्यांचेच उघडून तपासावे लागतील, असं त्यांचं म्हणणं. भाच्याने मित्राचा साधा कॅल्क्युलेटर मागून आणला आणि चार दिवस माझ्यावर रुसला. मला दोघांचंही पटलं होतं. सत्य सांगितलं की फायदा होतोच असं नाही. कधी हातातली सोयही जाते. ती जाऊ द्यायची तयारी, हीच खरी परीक्षा.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. वर्गाबाहेर ते यंत्र पूर्णपणे त्याचं होतं. २००९ साली काही हौशी लोकांनी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या कॅल्क्युलेटरच्या आज्ञावलीला लावलेली गणिती कुलपं उघडली, तेव्हा कंपनीने त्यांना कायदेशीर नोटिसा धाडल्या आणि नागरी हक्कांसाठी झगडणारी एक संस्था त्यांच्या बाजूने उभी राहिली. माझा कौल हौशी लोकांच्या बाजूने आहे. परीक्षेतल्या अप्रामाणिकपणाच्या भीतीने घरातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेणं म्हणजे चिठ्ठी लिहिता येते म्हणून मुलाला लिहायलाच न शिकवणं.

२०२४ पासून अमेरिकेत एसएटी संगणकावर होते आणि पडद्यावरच सर्वांना सारखा ग्राफिंग कॅल्क्युलेटर मिळतो. एका अर्थी लॉग टेबलच परत आलं म्हणायचं! स्वतःचं यंत्र नेण्याची मुभा अजून आहे, पण त्याची गरज कमी होत जाईल. परीक्षेच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. फक्त आपल्या मुलांनी गॅरेजमधल्या टेबलावर एखादी वस्तू उघडून बघणं थांबवू नये. त्यांनी जरूर उघडावी, मोडली तरी चालेल, सुधारली तर उत्तमच. आणि ती घेऊन चारचौघांत जाताना आत काय बदललं आहे ते न विचारता सांगावं. एवढं आपण त्यांना शिकवू शकलो तरी पुष्कळ झालं.