अंगण वाकडं की पाऊल वाकडं?

॥ श्री गुरवे नमः ॥



उत्सव जवळ आला की आपल्या बहुतेक मंडळांत एक विषय हमखास निघतो. जमलेल्या वर्गणीतून नवी पेटी, नवा माइक, नवा मिक्सर घ्यायचा, की त्याच पैशांत भजन शिकवायला कुणाला तरी बोलवायचं? वरवर पाहिलं तर हा जमाखर्चाचा प्रश्न. पण त्याच्या पोटात फार जुना प्रश्न दडलेला आहे. कला चांगली होते ती हातातल्या साधनामुळे की हाताच्या कसबामुळे?

आपल्या म्हणीनं याचा निकाल केव्हाच लावून टाकलाय. नाचता येईना अंगण वाकडं, रांधता येईना ओली लाकडं. साधनाला नावं ठेवू नका, आधी स्वतःकडे बघा. ऐकायला अगदी पटतं. पण ज्या बायकांनी चुलीवर स्वयंपाक केलाय त्यांना विचारून बघा. ओली लाकडं खरंच धुमसतात, डोळ्यांतून पाणी काढतात, आणि भाकरी एकीकडे कच्ची ती कच्चीच राहते. म्हण करणारा बहुधा चुलीपुढे बसणारा नसावा! तेव्हा म्हण खोटी नाही, पण ती कुणी कुणाला लावायची, याचा विचार करायला हवा.

आम्हा इंदूरकरांना या बाबतीत सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे कुमार गंधर्व. त्यांचा जन्म १९२४ सालचा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. म्हणजे ते आपल्या सीमाभागातल्या मंडळींचे जन्मानं आणि आम्हा माळव्यातल्यांचे वास्तव्यानं. लहान वयातच त्यांच्या गाण्यानं लोक थक्क झाले होते. पुढे क्षयानं गाठलं. १९४८ साली हवापालटासाठी ते देवासला आले आणि त्यानंतर काही वर्षं त्यांचं गाणं बंद होतं. गवयाचं पहिलं साधन म्हणजे श्वास, आणि नेमका त्यावरच घाला आला होता. आजारातून उठले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं होतं.

अशा वेळी "आता अंगणच वाकडं झालं" असं ते म्हणाले असते, तर कुणी त्यांना दोष दिला असता का? पण त्यांनी उरलेल्या श्वासाला शोभेल असं गाणं घडवलं. लांबलचक दमसासावर भिस्त न ठेवता छोटे, नेमके, टोकदार स्वरसमूह. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर येणारी माळव्यातली लोकगीतं त्यांनी मनात साठवली आणि त्या धुनांतून पुढे नवे राग बांधले. साधन अर्धं झालं, कला मात्र अर्धी झाली नाही.

इथवर वाचून कुणालाही वाटेल, की कसबच मोठं, साधनाचं काय एवढं! पण गोष्टीची दुसरी बाजूही बघायला हवी. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध त्याच काळात आपल्याकडे मिळू लागलं आणि ते त्यांना मिळालं. पत्नी भानुमतीबाईंनी जिवापाड शुश्रूषा केली. औषध, सेवा, कोरडी हवा, डोक्यावर छप्पर ही सगळी साधनंच की. ती कुणीतरी पुरवली म्हणून पुढचं कसब दिसलं. आणि गंमत म्हणजे, एका फुप्फुसावर गाणारे हेच कुमारजी तंबोऱ्याच्या बाबतीत अतिशय काटेकोर होते. तारा मनासारख्या जुळल्याशिवाय त्यांचं गाणं सुरू होत नसे. तंबोऱ्याला तारा चारच. पण घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा केसभर इकडचा तिकडे झाला की जवारी बिघडते आणि सगळा नाद बदलतो. स्वतःच्या छातीबद्दल तक्रार नाही, पण तंबोऱ्याबद्दल हयगय नाही. आम्हाला वाटतं, खरा साधक असाच असतो.

आता पेटीचं बघा. पेटीचे सूर पट्टीला बांधलेले. दोन पट्ट्यांच्या मधली श्रुती तिच्यातून निघत नाही, मींड येत नाही. हाच आक्षेप घेऊन १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी झाली आणि ती सुमारे तीस वर्षं राहिली. आक्षेप खोटा नव्हता, वाद्याला मर्यादा आहेच. पण गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, बेळगावचे रामभाऊ विजापुरे, गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर अशा वादकांनी त्याच पेटीतून गाण्याचा भास होईल असं वादन केलं. बोरकरांना तर २०१६ साली पद्मश्री मिळाली. यांतल्या कुणीही "पेटीत मींडच नाही" म्हणून हात आखडते घेतले नाहीत.

या सगळ्यावरून आम्हाला एवढंच उमजतं, की साधन मोठं की कसब मोठं याचं उत्तर प्रश्न कुणाबद्दल आहे त्यावर ठरतं. स्वतःबद्दल असेल तर उत्तर कसब. दुसऱ्याबद्दल असेल तर आधी साधनाकडे बघावं. आपण नेमकं उलटं करतो. आपलं चुकलं की माइक खराब, दुसऱ्याचं चुकलं की त्याला येतच नाही!

आपल्याच मंडळांतला अनुभव घ्या. पेटीवाले काका आपल्या गळ्याच्या सोयीनं काळी दोन धरतात. बायकांचा आवाज साधारण काळी चार, काळी पाचचा. मग त्या पट्टीत खालचे सूर ऐकूच येत नाहीत, आणि सगळे म्हणतात, "भगिनींचा आवाज लागत नाही हो!" आवाज लागत नाही की लागेल अशी पट्टीच दिली नाही? वर्गात एखादी मुलगी मागे पडते. "हात बसत नाही हिचा," असं आपण चटकन म्हणतो. तिच्या घरी पेटी नाही, आठवड्यातून एकदा गुरुवारी काय ती बोटं पट्ट्यांवर पडतात, हे कुणी विचारत नाही. तिला म्हण ऐकवणं हा अन्याय आहे. तिच्या घरची लाकडं खरोखर ओली आहेत.

उलट आपल्या मोबाइलवर आज तंबोऱ्याचं ॲप फुकट मिळतं. एकेकाळी मिरजेहून वाळलेल्या भोपळ्याचा तंबोरा जपून जपून आणावा लागे, तो नाद आता बोटाच्या टोकाशी आहे. किती जणी रोज वीस मिनिटं तो लावून नुसता षड्ज लावतो? इथे मात्र म्हण स्वतःला ऐकवायला हरकत नाही.

मग वर्गणीचं काय करायचं? आमची सूचना साधी आहे. मिक्सर थोडा थांबू दे. आहे त्या पेटीचा भाता आणि सूर चांगल्या कारागिराकडून दुरुस्त करून घेऊ. आपल्यापैकी कितीतरी घरांत मुलांसाठी घेतलेली पेटी, तबल्याची जोडी माळ्यावर धूळ खात पडलेली आहे. मुलं नोकरीला पुण्याला नाहीतर परदेशात गेली, पेटी तशीच. ती खाली काढा, पुसा, आणि ज्या घरात शिकणारं मूल आहे पण वाद्य नाही तिथे वर्षभरासाठी द्या. देणाऱ्याचं नाव जाहीर करायची गरज नाही. उरलेल्या पैशांत शिकवणारे गुरुजी येऊ देत, आणि पट्टी ठरवताना एक भजन भगिनींच्या गळ्यानं ठरू दे.

कुणाचं अंगण सारखं करून देणं हीसुद्धा सेवाच आहे. आपलं पाऊल मात्र आपल्यालाच सुधारावं लागतं, ते कुठल्याच वर्गणीतून विकत मिळत नाही.

ज्यांच्याकडे न वापरलेलं वाद्य असेल त्यांनी आपल्या केंद्राच्या सेवेकऱ्यांना कळवावं. शिकणाऱ्या मुलांची नावंही तिथेच द्यावीत, म्हणजे कुणाला संकोच वाटणार नाही.

आपल्याच,
सेवेकरी भगिनी, इंदूर